तुरटीतही ॲल्युमिनियमच असतं



आखाजी झाली, लग्नसराई सुरू आहे आणि जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलाय. अंगात अस्तराचा ब्लाउज, वर जरीची साडी आणि त्यात एसटीची गर्दी. दांडी धरायला हात वर करायचा म्हटलं तरी लाज वाटते. काखेच्या घामाबद्दल आपण बायका कुजबुजतो, मोठ्याने बोलत नाही. आज मोठ्यानेच बोलू.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तो एका सदस्येच्या कॉलेजला जाणाऱ्या लेकीमुळे. तिने फोनवर पाहिलं होतं की घाम रोखणाऱ्या स्टिकमध्ये ॲल्युमिनियम असतं, त्याने स्तनाचा कॅन्सर होतो, म्हणून नैसर्गिक तुरटी वापरा. ते ऐकून आम्हांला धंद्याची कल्पना सुचली. तव्यावर तुरटीची लाही करायची, कुटून वस्त्रगाळ करायची, त्यात आरारूट आणि थोडा कापूर घालायचा. डब्या भरायच्या, वर ‘ॲल्युमिनियममुक्त’ असं छापायचं आणि तालुक्याच्या प्रदर्शनात विकायच्या. एका डबीमागे किती सुटतील याचा हिशेबही वहीत मांडून झाला.

लेबल छापायला देण्याआधी आम्ही रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो ताई, तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. तुम्ही ॲल्युमिनियम विकणार आणि वर लिहिणार ‘ॲल्युमिनियममुक्त’?” आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. नैसर्गिक असणं आणि ॲल्युमिनियम नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या दिवशी कळलं. ॲल्युमिनियम तर आपल्या शेतातल्या काळ्या मातीतही असतं आणि मुलतानी मातीतही असतं.

आता मुळापासून समजून घेऊ. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून भर उन्हात केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या रानात आपण तग धरतो. तो बहुतेक पाणी आणि मीठच असतो. काखेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांचा स्राव थोडा दाट असतो. त्यालाही ताजा असताना वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो खातात, फोडतात, आणि मग वास सुटतो.

म्हणून बाजारात दोन तऱ्हेच्या वस्तू मिळतात. एक घाम रोखणारी. तिच्यातलं ॲल्युमिनियमचं क्षार घामाशी मिळून नळीच्या तोंडाशी मऊ बूच तयार करतं. काही दिवसांत ते आपोआप निघून जातं. दुसरी वस्तू फक्त वास दाबणारी, म्हणजे डिओ. तिने घाम थांबत नाही. आपल्याकडे दुकानात मिळणारे बरेचसे स्प्रे या दुसऱ्या तऱ्हेचे, अल्कोहोल आणि अत्तराचे असतात. बाटलीमागची बारीक अक्षरं लेकीकडून वाचून घ्या. ‘ॲल्युमिनियम’ किंवा ‘ॲलम’ हा शब्द दिसला तर त्यात ॲल्युमिनियम आहे. ॲलम म्हणजे आपली तुरटीच.

मग कॅन्सरचं काय? अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ बायका आणि न झालेल्या ७९३ बायका यांना विचारलं गेलं की काखेला काय लावत होता. घाम रोखणारी वस्तू वापरल्याने कॅन्सर वाढला असं त्यात दिसलं नाही. घाम रोखला की विष अंगात साठतं, हेही खरं नाही. ते बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृत करतात. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांच्या अंगातून ॲल्युमिनियम नीट बाहेर पडत नाही. त्यांनी स्टिक असो की तुरटी, डॉक्टरांना विचारूनच लावावी. आणि स्तनाचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी करायला जाताना त्या दिवशी काखेला काहीच लावू नये. पावडर किंवा स्टिकचे कण फोटोत ठिपक्यांसारखे उमटतात आणि उगाच घोटाळा होतो.

ही भीती किती महागात पडू शकते ते सांगतो. आमच्यातल्या एकीला काखेत गाठ लागली होती. तिला वाटलं, डिओमुळेच झाली. तिने बाटली फेकली, तुरटी लावायला लागली आणि गाठ जिरेल म्हणून चार महिने कुणाला बोलली नाही. शेवटी नणंदेच्या लक्षात आलं आणि तिने दवाखान्यात नेलं. गाठ साधी निघाली. पण ती साधी नसती तर ते चार महिने कुठून परत आणले असते? म्हणून बायांनो, गाठ काखेत असो की छातीत, तिचं कारण घरी शोधत बसू नका. आशाताईला सांगा, डॉक्टरांना दाखवा.

आता ॲल्युमिनियम नको असेल तर घरी काय करता येईल, ते बघू.

पहिलं काम साबण-पाण्याचं. सकाळी आणि शेतातून आल्यावर काखा साबणाने धुवा आणि पंचाने अगदी कोरड्या करा. ओल राहिली की जिवाणू वाढतात. केस कात्रीने बारीक ठेवले तरी पुरतं.

दुसरं, ब्लाउज. टेरिकॉट, पॉलिस्टरमध्ये वास जास्त धरून राहतो. रोजच्या कामाला सुती ब्लाउज घाला. घामाचा ब्लाउज तसाच खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी घालू नका. उलटा करून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन तर आपल्या खान्देशात फुकटच आहे.

तिसरं, पावडर. चार चमचे आरारूटमध्ये पाव चमचा खाण्याचा सोडा मिसळा. कोरड्या काखेत चिमूटभर लावा. आरारूट ओल शोषतं, सोडा वास कमी करतो. त्याने घाम बंद होणार नाही, हे लक्षात ठेवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. सोडा जास्त झाला तर कातडी लाल होते, आग होते. गजकर्ण किंवा जखम असेल तिथे ही पावडर लावू नका.

लिंबू मात्र काखेत चोळू नका. त्याने कातडी जळजळते आणि लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर काळे डाग, फोडही येतात.

आणि तुरटी? ॲल्युमिनियमची भीती नसेल तर ती स्वस्त आणि कामाची आहे. आंघोळीनंतर ओला खडा हलक्या हाताने फिरवा. केस काढल्यावर लगेच लावू नका, झोंबते. आणि ज्याचा त्याचा खडा वेगळा ठेवा.

काही वेळा घामच सांगतो की आत काहीतरी बिघडलंय. बसल्या जागी घाम फुटतो, रात्री अंथरूण भिजतं, वजन उतरतं, खोकला जात नाही, छातीत धडधडतं, तर पावडर शोधू नका. थायरॉइड किंवा क्षयरोगही असू शकतो. पाळी जायच्या वयातही अशा वाफा येतात. डॉक्टरांना सांगायला त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटी आमच्या डब्यांचं काय झालं ते सांगतो. सौंदर्यप्रसाधन तयार करून विकायचं असेल तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हेही आम्हांला तेव्हाच कळलं. तो आपल्याकडे नाही. म्हणून पावडर विकायचं आम्ही सोडलं. त्या डब्यांत यंदा कलमी मिरचीचं तिखट भरलं, तेही अन्नाची नोंदणी करूनच. वहीतल्या त्या पानावर आम्ही फुली मारली नाही. खाली एवढंच लिहिलं: आधी विचारायचं, मग छापायचं.

तुमच्या गटातही असा काही नुसखा फिरत असेल तर तो वहीत लिहून ठेवा आणि जाणत्या माणसाला विचारा. घामाची लाज नको, कष्टाचाच तो. गाठीची मात्र लपवालपवी नको.