संगणक शिकणाऱ्या मुलांनी आधी काय वाचावे?

आम्ही कापडवाले, संगणक आमचा धंदा नव्हे. पण दिव्यात राहणाऱ्या आमच्या भाच्याची गोष्ट सर्वांच्या उपयोगाची आहे. सरावासाठी भाड्याने घेतलेला सर्व्हर बंद करायला तो विसरला. महिनाअखेर चार हजारांचे बिल आले, ते आम्ही भरले.

क्लाउड म्हणजे भाड्याचा गाळाच. जेवढा वापर, तेवढे भाडे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली. तिच्यातील पाच लक्षणांपैकी एक म्हणजे वापराची मोजणी. मोजक्या पानांचे हे टिपण फुकट मिळते. आधी ते वाचावे, मग कंपनीचे दरपत्रक.

मात्र पाया प्रोग्रामिंगचाच. त्यासाठी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ घ्यावे. त्याचे इंग्रजी सोपे आहे. पुढे कर्निगन व रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक, १९८८ ची दुसरी आवृत्ती. ते पावणेतीनशे पानांच्या आतले आहे. दिव्याच्या गर्दीच्या लोकलमध्येही पिशवीत मावते. हे पचल्यावर मोठ्या माहितीसाठ्यांवरचे मार्टिन क्लेपमन यांचे २०१७ चे पुस्तक हाती घ्यावे.

कापडात आम्ही आधी भाव विचारतो, मग ताका फाडतो. मुलांनीही हाच शिरस्ता ठेवावा.