चिलखताबाहेरची माणसे

दुकानात मिळणारा खेळण्यातला रणगाडा आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांत नेमका फरक कोणता, असा प्रश्न हा छंद जोपासणाऱ्यांना हमखास विचारला जातो. आकार दोहोंचाही तळहातावर मावणारा, प्लॅस्टिकही साधारण तेच. फरक आहे तो हिशेबाचा. खेळणे कुणालाही उत्तर देणे लागत नाही. प्रतिकृतीला मात्र आपल्या प्रत्येक सांध्याचा आणि प्रत्येक डागाचा हिशेब एका खऱ्या वाहनाला द्यावा लागतो. व्हिएतनाम युद्धातील 'एम-११३' या अमेरिकी बनावटीच्या चिलखती वाहनाची प्रतिकृती घडवताना हा हिशेब फार लवकर समोर येतो. कारण या वाहनावर मागाहून जे जे चढले, त्यातले बरेचसे कुणाचे तरी प्राण गेल्यानंतर चढले आहे.

अॅल्युमिनियमची पेटी

एम-११३ हा रणगाडा नव्हे. त्याला तोफ नाही, फिरता बुरूज नाही. चालक व कमांडर यांच्याखेरीज अकरा सैनिकांना रणभूमीपर्यंत सुखरूप नेणे, एवढेच त्याचे मूळ काम. १९६० साली अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले. एफएमसी या कंपनीने घडवलेल्या या वाहनाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे कवच पोलादाचे नसून अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. त्यामुळे वजन आटोक्यात राहिले, विमानातून वाहतूक शक्य झाली आणि हे वाहन पाण्यावर तरंगूही शकले. कालवे आणि भातखाचरे यांनी विणलेल्या मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात हा गुण मोलाचा ठरला. मात्र हे कवच बंदुकीच्या गोळ्या व तोफगोळ्यांचे कपचे अडवण्यापुरतेच होते. रणगाडाविरोधी अग्निबाणापुढे किंवा भूसुरुंगापुढे त्याचा टिकाव लागत नसे.

खरे वाहन सुमारे ४.८६ मीटर लांब आणि २.६९ मीटर रुंद आहे. चिलखती वाहनांच्या प्रतिकृतींसाठी सर्वाधिक रूढ असलेल्या १:३५ या प्रमाणात ते जेमतेम १४ सेंटिमीटर लांब व पावणेआठ सेंटिमीटर रुंद होते. हे काहीसे विचित्र प्रमाण 'तामिया' या जपानी कंपनीमुळे रूढ झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात या बेताने आकार ठरवला गेला. प्रमाण मागाहून मोजले, ते १:३५ भरले. याच कंपनीने १९७० च्या दशकात एम-११३ चा संच बाजारात आणला. पुढे अन्य कंपन्यांचेही संच आले.

आधी तारीख, मग गोंद

नवशिका हौशी कारागीर संच हाती पडताच गोंदाची बाटली उघडतो. अनुभवी कारागीर आधी एक प्रश्न विचारतो : हे वाहन कोणत्या वर्षीचे, कुठले आणि कोणत्या तुकडीचे? एम-११३ च्या बाबतीत हा प्रश्न टाळताच येत नाही.

दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला ही वाहने १९६२ मध्ये मिळाली. वाहनाच्या छतावर १२.७ मिलिमीटरची एक जड मशिनगन होती. ती चालवणाऱ्याला कमरेपासून वरचे अंग उघड्यावर काढून उभे राहावे लागे. त्याच्यापुढे काहीही आडोसा नव्हता. २ जानेवारी १९६३ रोजी सायगॉनच्या नैर्ऋत्येस सुमारे ६५ किलोमीटरवर असलेल्या आप बाक या गावी व्हिएतकाँगचे सैनिक झाडीच्या कडेला खंदक खणून दबा धरून बसले होते. त्यांच्यावर एम-११३ वाहने चालून गेली. खंदकातल्या नेमबाजांनी कवचावर गोळ्या वाया घालवल्या नाहीत. त्यांनी छतावरच्या उघड्या माणसांचा नेम धरला. त्या एका लढाईत १४ मशिनगनचालक मारले गेले. चिलखत शाबूत राहिले. माणसे मात्र चिलखताबाहेर होती.

त्यानंतर मशिनगनपुढे ढाली बसवण्यास सुरुवात झाली. पहिल्या ढाली बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यातून कापल्या होत्या. तो पत्रा मऊ निघाला, गोळी आरपार जाऊ लागली. मग मोडीत निघालेल्या चिलखती वाहनांचे पत्रे कामी आले. पुढे ही सुधारणा पद्धतशीर झाली आणि अमेरिकी सैन्यासाठी तयार संचांच्या रूपात पुरवली जाऊ लागली. सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेची ११ वी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट व्हिएतनाममध्ये उतरली, तेव्हा तिच्या एम-११३ वाहनांवर कमांडरच्या गोल झाकणाभोवती ढालींचे कडे होते. मागच्या मोठ्या झरोक्याच्या दोन्ही बाजूंस ७.६२ मिलिमीटरच्या दोन मशिनगन होत्या व त्यांनाही स्वतंत्र ढाली होत्या. या रूपाला 'एकॅव्ह' हे नाव मिळाले. सैनिकांना नेऊन सोडणारी गाडी आता स्वतःच लढू लागली होती.

म्हणजे आप बाकच्या वाहनाची प्रतिकृती करून तिच्यावर ढाल बसवली, तर ती केवळ तांत्रिक चूक राहत नाही. जी उणीव १४ जणांना भोवली, तीच त्या प्रतिकृतीतून पुसली जाते. उलट १९६७ च्या वाहनावरून ढाल गाळली, तर त्या मृत्यूंतून घेतलेला धडा पुसला जातो. इंजिनाचेही तसेच. सुरुवातीची वाहने पेट्रोलवर चालत. आग लागण्याचा धोका कमी करणारे डिझेल इंजिन 'एम-११३ ए१' या आवृत्तीत १९६४ पासून आले. दोहोंच्या धुराच्या नळीची मांडणी वेगळी आहे. त्यामुळे तारीख ठरल्याखेरीज छताचा एक तुकडाही चिकटवू नये.

जोडणीतले बारकावे

संचातील प्लॅस्टिक हे पॉलिस्टायरीन असते. त्यासाठीचा पातळ गोंद दोन तुकड्यांचे पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि ते एकमेकांत मिसळून घट्ट होतात. हा एक प्रकारचा सांधाजोड आहे. म्हणून गोंद थापायचा नसतो. तुकडे जुळवून धरायचे आणि ब्रशच्या टोकाने फटीत सोडायचा असतो. त्याच्या वाफा उग्र असतात. खिडकी उघडी ठेवावी आणि पॉलिश पेपरने घासताना नाकावर रुमाल बांधावा.

एम-११३ चा देह पेटीसारखा सपाट असल्यामुळे तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात सपाट पृष्ठभागावर चूक लपत नाही. साच्यातून तुकडा बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांचे गोल वळ मागच्या उतरत्या दाराच्या आतल्या अंगाला आणि झाकणांच्या पाठीवर राहतात. ते पुट्टीने भरून घासावे लागतात. पत्रे जिथे जोडले आहेत तिथे खऱ्या वाहनावर वेल्डिंगचा जाड, खवल्यांसारखा वळ दिसतो. पुट्टीची बारीक वळकटी कडेवर बसवून ती ओली असतानाच सुईने टोचत गेले, की तो वळ हुबेहूब उमटतो.

ढालींची गोष्ट निराळी. संचातील तुकडा एक मिलिमीटर जाड असेल, तर तो खऱ्या जगात साडेतीन सेंटिमीटरचा पत्रा होतो. बंदूकधाऱ्याची ढाल इतकी जाड नव्हती. म्हणून तिच्या कडा मागून तिरक्या घासून पातळ कराव्यात किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यातून ढाल नव्याने कापावी. पट्ट्याच्या प्रत्येक बाजूस साठाहून अधिक कड्या असतात. त्या सुट्या जोडण्यात दोन-तीन संध्याकाळी जातात. पण पट्टा चाकांवर जसा स्वतःच्या वजनाने टेकतो, तसा तो एकसंध रबरी पट्ट्यातून साधत नाही. पट्ट्यावर येणारी रबरी झडप व्हिएतनाममध्ये पुष्कळदा काढून टाकलेली असे. ती लावायची की नाही, हे निवडलेल्या वाहनाच्या छायाचित्रावरून ठरवावे.

गंजाची चूक

रंगकामाचा क्रम ठरलेला आहे. आधी अस्तर, मग ऑलिव्ह ड्रॅब हा मळकट हिरवा रंग, मग खाचांत उतरणारा पातळ गडद रंग आणि शेवटी धूळ-माती. मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळणे इष्ट. इतक्या लहान वस्तूवर अस्सल छटाही डोळ्यांना अधिक काळवंडलेली दिसते, शिवाय त्या उन्हात रंग उडत असेच.

यानंतर एक चूक अनेकांच्या हातून होते. वाहन जुने व रापलेले दिसावे म्हणून बाजूंवर तांबूस गंजाचे ओघळ काढले जातात. ते दिसतात छान, पण खोटे असतात. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. रंगाचा पोपडा उडाला, तर खाली निस्तेज करडी-चंदेरी धातू दिसते. गंज दाखवायचा तर जिथे पोलाद आहे तिथेच दाखवावा. ढाली पोलादाच्या, म्हणून तिथे शोभतो. पट्ट्यांच्या कड्यांवर तपकिरी छटा येते, मात्र जिथे घर्षण होते तिथे त्या चकाकतात. ही एक गोष्ट पाळली, तरी पाहणाऱ्याला न सांगता समजते की पेटी एका धातूची आहे आणि तिच्यावर मागाहून चढवलेले संरक्षण दुसऱ्या.

खरे चिलखती वाहन जवळून पाहण्याची संधी महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील कॅव्हलरी टँक संग्रहालयात नाना देशांचे रणगाडे उभे आहेत. वेल्डिंगचे वळ, बिजागऱ्या, पत्र्यांची जाडी तिथे मनसोक्त न्याहाळता येते. रंगासाठी मात्र त्यांचा आदर्श ठेवू नये. संग्रहालयातील वाहनांना वेळोवेळी नवा रंग दिला जातो. रणभूमीवरच्या वाहनाला तो मिळतोच असे नाही.

मराठी डोळ्यांना ओळखीची माती

११ व्या रेजिमेंटचा तळ झुआन लोक परिसरात होता. तिथली जमीन लाल आहे. बेसॉल्ट खडकाची उष्ण, पावसाळी हवेत झीज होऊन ती तयार झाली आहे. कोकणातली जांभ्याची तांबडी माती ज्याने पाहिली आहे, त्याला तिचा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. दक्षिण व्हिएतनामलाही नैर्ऋत्य मोसमी पाऊसच भिजवतो. पावसात ही माती चिकट चिखल होऊन चाकांना लिंपते आणि कोरड्या दिवसांत तीच बारीक भुकटी होऊन झाकणांच्या फटींत, ताडपत्रीच्या घड्यांत, माणसांच्या पापण्यांवर बसते. मेकाँगच्या खोऱ्यात मात्र गाळाचा करडा चिखल असतो. आप बाकच्या वाहनाला लाल धूळ फासणे म्हणजे पुन्हा पत्ता चुकणे.

परदेशी रंगभुकट्या महाग पडतात. कोकणातून मूठभर माती आणून ती वाळवून, कुटून, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळून घेतली तरी काम भागते. गाळणे आवश्यकच, कारण १:३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड. पाण्यात सौम्य केलेल्या फेव्हिकॉलमध्ये माती कालवून खालच्या अंगाला लावावी. वर जाताना केवळ कोरडी भुकटी ब्रशने झटकावी.

छतावरचा संसार

व्हिएतनाममधील एम-११३ ची छायाचित्रे पाहिली की एक गोष्ट खटकते. माणसे आत नसतात, छतावर बसलेली असतात. सुरक्षिततेसाठी बनवलेली पेटी रिकामी आणि तिचे प्रवासी बाहेर, असे का? भूसुरुंग हे त्याचे उत्तर. तळाखाली स्फोट झाला, तर बंद पेटीतल्या माणसांची धडगत नसे. छतावरचा माणूस फेकला गेला, तरी वाचण्याची आशा होती. म्हणून आतल्या जमिनीवर वाळूच्या गोण्या पसरल्या गेल्या. कित्येक ठिकाणी चालकानेही वर बसून गाडी हाकता यावी, म्हणून नियंत्रणाचे दांडे लांबवले गेले. पुढे तळाला जादा पत्रा लावण्याचे संच आले.

प्रतिकृतीचे खरे काम या सामानात आहे. इपॉक्सी पुट्टीच्या गोण्या करताना त्या उशीसारख्या फुगीर करू नयेत. वाळूची गोणी खालच्या गोणीच्या आकारात बसते, कोपऱ्यात ओघळते. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर सौम्य फेव्हिकॉलमध्ये भिजवून गुंडाळावा, दोरीसाठी तांब्याची बारीक तार पिळावी. काडतुसांच्या पेट्या, पाण्याचे डबे, शिध्याची खोकी, घडीच्या खाटा यांची मांडणी हाताशी काय लागेल या हिशेबाने करावी. सजावट म्हणून रचलेले सामान लगेच ओळखू येते.

मग येतात माणसे. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक इथे पाच सेंटिमीटरचा होतो. त्याचा चेहरा रंगवताना वीर मुद्रेचा मोह टाळावा. छायाचित्रांतले बहुतेक चेहरे थकलेले, धुळीने माखलेले आणि अगदी तरुण आहेत. जो प्रतिकृतीत दिसत नाही, तोही विसरू नये. समोरच्या झाडीत खंदकात बसलेला माणूसही होता आणि या पट्ट्यांखाली ज्याची भाताची खाचरे गेली तो शेतकरीही होता.

एम-११३ व त्याच्या नाना आवृत्त्या मिळून ८० हजारांहून अधिक वाहने बनली. ती अजून इतिहासजमा झालेली नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेने अशी वाहने युक्रेनला दिली. हा १४ सेंटिमीटरचा ठोकळा शोकेसमध्ये ठेवला, की येणारा पाहुणा विचारतो : बंदूक फिरते का? फिरते, असे सांगावे. मग तिच्यापुढच्या ढालीकडे बोट दाखवावे आणि ती आधी का नव्हती, तेही सांगावे.