लहान मुलांनी न्याहारी किती करावी?



या वेळी भित्तिपत्रकाचा विषय 'आपले आरोग्य' हा आहे. त्यात गुरुजींनी मला 'न्याहारी' हा भाग लिहायला दिला. न्याहारी करावी हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण किती करावी हे कोणी नीट सांगत नाही. आमची आजी म्हणती, "ताटातलं सगळं संपव, मगच उठ." आई शेतात जायच्या घाईत म्हणते, "कायतरी खाऊन जा गं." आता 'सगळं' म्हणजे किती आणि 'कायतरी' म्हणजे किती? तेच मी या लेखात सांगणार आहे. आकडे गुरुजींनी दाखवलेल्या तक्त्यातले आहेत. बेरजा मी केल्या आणि गुरुजींनी तपासल्या.

न्याहारी कशाला लागते?

आपण रात्री आठ वाजता जेवतो आणि झोपतो. झोपेत आपण काहीच काम करत नाही असे वाटते. पण तसे नाही. झोपेतही हृदय धडधडत असते, श्वास चालू असतो, मेंदू चालू असतो. आपली वाढही चालू असते. या सगळ्याला शक्ती लागते.

आपल्या पोटात उजव्या बाजूला यकृत असते. ते जेवणातली साखर साठवून ठेवते आणि रात्री थोडी थोडी काढून देते. घरातल्या कणगीसारखेच आहे हे. रोज धान्य काढले आणि नवीन भरले नाही तर कणगी रिकामी होते. लहान मुलाचे यकृत मोठ्या माणसापेक्षा लहान, म्हणून त्याची कणगी लहान. पण त्याचा मेंदू अंगाच्या मानाने मोठा असतो आणि मेंदूला शक्ती फार लागते. म्हणून लहान मुलांची कणगी लवकर रिकामी होते.

आता एक सोपे गणित करू. रात्री ८ ते सकाळी ८ हे १२ तास झाले. सकाळी काही खाल्ले नाही तर दुपारी १ वाजता शाळेत भात मिळेपर्यंत आणखी ५ तास. १२ अधिक ५ म्हणजे १७ तास. बैलालासुद्धा कोणी १७ तास वैरणीशिवाय ठेवत नाही.

मग काय होते? डोळ्यापुढे अंधारी येते, पोट दुखते, चिडचिड होते. फळ्यावरचे दिसते पण डोक्यात शिरत नाही. परिपाठाला उभे राहिल्यावर एखादे मूल मटकन खाली बसते. गुरुजी विचारतात, "सकाळी काय खाल्लंस?" बहुतेक वेळा उत्तर येते, "चहा."

किती लागते?

लांबी मीटरमध्ये मोजतात, वजन किलोमध्ये मोजतात, तशी अन्नातली शक्ती किलोकॅलरीत मोजतात. बोलताना तिला नुसते कॅलरी म्हणतात. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कोणत्या वयाला दिवसभरात किती कॅलरी लागतात याचा तक्ता केला आहे. २०२० सालच्या तक्त्यात असे आहे :

१ ते ३ वर्षे : सुमारे १०१० कॅलरी
४ ते ६ वर्षे : सुमारे १३६० कॅलरी
७ ते ९ वर्षे : सुमारे १७०० कॅलरी

हा सगळ्या दिवसाचा हिशोब आहे. यातला साधारण चौथा भाग सकाळी पोटात जावा. १७०० चा चौथा भाग ४२५ आणि १३६० चा चौथा भाग ३४० होतो. एक ते तीन वर्षांचे बाळ एका वेळी फार खाऊ शकत नाही. त्याला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे लागते, म्हणून त्याचा पाचवा भाग धरायचा. तो होतो सुमारे २००. (बाळ ६ महिन्यांचे होईपर्यंत मात्र फक्त आईचे दूध.)

पण घरी कोणी कॅलरी मोजत बसत नाही. म्हणून मी ते भाकरीच्या मापात केले आहे. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक मध्यम भाकरी म्हणजे सुमारे २०० कॅलरी. गाईचे एक कप दूध म्हणजे सुमारे १००. मूठभर शेंगदाणे म्हणजे २० ग्रॅम, त्यात सुमारे ११० कॅलरी.

७ ते ९ वर्षांचे मूल : एक भाकरी, एक कप दूध, मूठभर शेंगदाणे किंवा तेवढ्याची चटणी. बेरीज सुमारे ४१०.

४ ते ६ वर्षांचे मूल : अर्धी भाकरी, एक कप दूध, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, एक लहान केळे. बेरीज सुमारे ३३५.

१ ते ३ वर्षांचे बाळ : पाव भाकरी एक कप दुधात मऊ कुस्करून, वर एक चमचा तूप. बेरीज सुमारे २००.

माझ्यासारखी दहा वर्षांची मुले असतील तर त्यांना याहून थोडे जास्त लागते. दूध नसेल तर उकडलेले अंडे, मटकीची उसळ किंवा घट्ट वरण चालते. भाकरीच पाहिजे असेही नाही. पोहे, उपमा, थालीपीठ, नाचणीची आंबील यातले काहीही चालते. फक्त एक लक्षात ठेवा. नुसती भाकरी किंवा नुसते पोहे नकोत. सोबत दूध, डाळ, अंडे, शेंगदाणे यातले एक तरी पाहिजे, कारण अंग वाढायला प्रथिने लागतात. आणि जवळ असेल ते फळ. पेरू, बोर, केळे, काहीही.

एक सूचना. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. ते घशात अडकून श्वास कोंडतो. कूट करून द्यावा.

चहा-बिस्किट ही न्याहारी नाही

वर्गात गुरुजींनी विचारले, "कोण कोण चहा-बिस्किट खाऊन आलं?" तेव्हा खूप हात वर झाले. मी त्याचाही हिशोब केला. चार लहान बिस्किटे म्हणजे १०० कॅलरीच्या आसपास. अर्धा कप गोड चहाचे ५० धरा. झाले १५०. पाहिजेत ४२५. आणि बिस्किटात बहुतेक मैदा आणि साखर. त्याने भूक मरते पण पोट भरत नाही. तासाभराने पुन्हा पोटात कावळे कोकलतात.

चहाचा दुसरा तोटा असा की भाकरीबरोबर चहा प्यायला तर भाकरीतले लोह अंगाला नीट लागत नाही. लोह कमी पडले की रक्त कमी होते आणि मूल थकते. म्हणून लहान मुलांना चहा नकोच. मोठ्यांनीही खाणे आणि चहा यात तासाभराचे अंतर ठेवावे. उलट जेवणात लिंबू पिळले किंवा आवळा, पेरू खाल्ला तर लोह जास्त मिळते.

कोंबून भरवू नये

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा आहे. तो अंगणवाडीत जातो. आजी त्याला अख्खी भाकरी दुधात कुस्करून भरवायची. अर्धी झाली की तो तोंड फिरवायचा. आजी म्हणायची, "अजून एक घास काऊचा, एक घास चिऊचा." मग तो रडायचा आणि कधी कधी उलटी करायचा. आजीला वाटायचे, लेकराला नजर लागली.

अंगणवाडीताई घरी आल्या तेव्हा आजीने त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "मावशी, लेकराचं पोट लहान हाय. त्याला अर्धी भाकरी बास होती. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते त्याला ठरवू द्या." त्यांनी सांगितले की मूल तोंड बंद करते, मान फिरवते, खेळायला लागते, म्हणजे त्याचे पोट भरले. रोज एकसारखीच भूक नसते. एक दिवस कमी खाल्ले तर दुसऱ्या दिवशी ते भरून काढते.

त्याला अंगणवाडीतही खायला मिळते. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना तिथे नाश्ता आणि गरम जेवण द्यायचे, असा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात नियम आहे. म्हणून घरी अर्धी भाकरी आणि दूध पुरते.

मग मूल कमी खाते की बरोबर खाते हे कसे कळणार? ताटावरून नाही, वजनावरून कळते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करतात आणि तक्त्यावर टिंब मांडतात. टिंबे वर चढत असली तर काळजी नको. चढत नसली तर ताईंना आणि डॉक्टरांना विचारावे. आता आजी महिन्याला स्वतः टिंब बघायला जाते.

मुलगा आणि मुलगी यांची भूक सारखीच

ही गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे. काही घरांत सकाळी दूध मुलाला आणि चहा मुलीला असे असते. मुलगी झाडलोट करते, पाणी भरते, सगळ्यांच्या मागून उरलेले खाते आणि शाळेला पळते. मी तक्ता नीट पाहिला. ९ वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी असे दोन वेगळे रकाने त्यात नाहीतच. दोघांना एकच आकडा आहे. १० ते १२ वर्षांच्या मुलींना तर मुलांपेक्षा किंचित जास्त प्रथिने लागतात. मुलांना ३२ ग्रॅम आणि मुलींना ३३ ग्रॅम. म्हणून एकच कप दूध असेल तर दोघांत अर्धे अर्धे करावे.

आईला वेळ कुठे असतो?

हे खरे आहे. खुरपणीचे दिवस असले की आई उजाडताच जाते. पण न्याहारीला रोज नवीन चूल पेटवायला पाहिजे असे नाही.

१) रात्रीच एक भाकरी जास्त थापावी. सकाळी ती दुधात किंवा ताकात कुस्करून खाता येते. कांदा घालून फोडणीची भाकरी तर फारच छान लागते.
२) मटकी किंवा मूग भिजत घालावेत. सकाळी दहा मिनिटांत उसळ होते.
३) शेंगदाणे आणि गूळ, किंवा राजगिऱ्याचा लाडू डब्यात करून ठेवावा.
४) मोठ्या मुलांनी आपले ताट आपण वाढून घ्यावे आणि धाकट्यालाही वाढावे. एवढे आपल्याला येते.

रात्रीची भाकरी चालते. पण उन्हाळ्यात उघडा राहिलेला भात किंवा आंबूस वास आलेले वरण खाऊ नये. त्याने पोट बिघडते. खाण्याआधी साबणाने हात धुवावेत. नाहीतर केलेली न्याहारी जुलाबात जाते.

शाळेत भात मिळतोच की!

काही मुले म्हणतात, "दुपारी शाळेत जेवण मिळतं, मग सकाळी कशाला खायचं?" याचे उत्तरही गणितातच आहे.

शाळेत जेवण देणे जुने आहे. आजी सांगती, १९७२ च्या दुष्काळात सुकडी वाटायचे. देशभरची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. बाबा शाळेत होते तेव्हा शिजवलेला भात मिळत नसे. महिन्याला ३ किलो तांदूळ पिशवीत घरी न्यायचे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण द्या असा आदेश दिला आणि नंतर शाळेत चूल पेटली. आता पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे.

१७०० मधून ४५० गेले. राहिले १२५०. सकाळी काही खाल्लेच नाही तर हे १२५० सगळे संध्याकाळी आणि रात्री खायचे. म्हणजे सहा भाकऱ्या! दुसरीतल्या पोराला सहा भाकऱ्या जातील का? नाही जाणार. मग तेवढे कमी पडते आणि रोज कमी पडत गेले की वाढ खुंटते.

तमिळनाडू राज्यात हे ओळखून १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात केली. आधी थोड्या शाळांत दिला आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत. तिथली मुले उपमा, खिचडी, पोंगल खाऊन वर्गात बसतात. आपल्या शाळेत जेवण दुपारी असते. म्हणून सकाळचे घरीच खाऊन यायचे.

शेवटी थोडक्यात

दिवसाचा चौथा भाग सकाळी खावा. लहानाला लहान घास आणि जास्त वेळा. चहा-बिस्किटावर भागवू नये. पोट भरल्यावर कोंबू नये. मुलगा-मुलगी भेद करू नये.

आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलाला शाळेत पाठवताना तुम्ही विचारता, "पाटी घेतलीस का? दप्तर भरलंस का?" त्याच्या आधी एकदा विचारा, "पोट भरलंस का?" जुनी माणसे म्हणतातच, आधी पोटोबा, मग विठोबा. आमचे गुरुजी म्हणतात, आधी पोटोबा, मग पाढे!

लेखिका : इयत्ता ४ थी