उबुंटूमधून नको असलेली पॅकेजेस काढताना
जागा करायची म्हणून मी एकदा उबुंटूवरून 'पायथन ३' काढायला घेतलं. टर्मिनलने भली लांब यादी दाखवली, मी न वाचताच वाय दाबलं. रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉपच गायब! उबुंटूचे बरेच प्रोग्रॅम पायथनवर चालतात, त्यामुळे त्याच्यासोबत तेही गेले.

आता मी आधी 'ॲप्ट रिमूव्ह'ला 'डॅश एस' जोडून बघतो. यात काहीच उडत नाही, फक्त काय काय जाणार ते दिसतं. यादी ठीक वाटली तरच सुडो लावून खरी कमांड. 'रिमूव्ह' सेटिंगच्या फाइल्स मागे ठेवतं, 'पर्ज' त्याही काढतं (तुमच्या होम फोल्डरमधल्या मात्र राहतात). सोबत आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह'ने जातात. तिथेही यादी वाचूनच वाय दाबा.