माहितीचीं कोठारें आणि यंत्रांची ओळख



बँकेंतील आपली शिल्लक, आगगाडीचें आरक्षण, रुग्णालयांतील क्ष-किरण चित्रें, हें सर्व आज वहीच्या पानांवर नव्हे, तर संगणकाच्या डिस्कांवर सांठविलेलें असतें. या डिस्का एकत्र कशा जोडतात, यंत्रें एकमेकांस कशीं ओळखतात आणि त्यांची देखरेख कशी करावी लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या व्यवस्थेस स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. आपण तिला सांठवणीचें जाळें म्हणूं.

मी राहतों तें राहनाळ गांव भिवंडीस लागून आहे. येथें आणि शेजारच्या काल्हेर, पूर्णा, दापोडे या गांवांत गोदामांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत. व्यापारी आपला माल दुकानांतच कोंबून न ठेवतां येथें ठेवतो आणि लागेल तसा नेतो. संगणकांच्या जगांतहि असेंच घडलें. पूर्वीं प्रत्येक मोठ्या संगणकास, म्हणजे सर्व्हरला, त्याच्या स्वतःच्याच डिस्का असत. एकाची डिस्क भरून वाही, तर शेजाऱ्याची अर्धी रिकामी पडे. पण त्याची जागा याच्या उपयोगीं पडत नसे. म्हणून डिस्का सर्व्हरांतून काढून एका सामायिक कोठारांत ठेवाव्या आणि मध्यें वेगवान तारांचें जाळें घालावें, ही कल्पना पुढें आली. या कामीं आजहि वापरली जाणारी फायबर चॅनेल ही पद्धत १९९४ सालीं अमेरिकेंत प्रमाणित झाली.

आतां प्रश्न असा कीं, जाळ्यांत नव्यानें आलेल्या यंत्रास कोठार कोठें आहे तें कळावें कसें? त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. फायबर चॅनेलच्या प्रत्येक पोर्टला कारखान्यांतूनच एक जागतिक नांव मिळालेलें असतें. तें चौसष्ट बिटांचें असून सोळा चिन्हांनीं लिहितात. केबल जोडतांच यंत्र स्विचला आपलें नांव कळवितें. स्विच त्यास चोवीस बिटांचा पत्ता देतो. त्या पत्त्यावरून यंत्र कोणत्या स्विचवर, कोणत्या विभागांत आणि कोणत्या पोर्टवर आहे तें समजतें. नांव जन्माचें, पत्ता मात्र बिऱ्हाडाचा; केबल दुसरीकडे लावली कीं पत्ता बदलतो, नांव बदलत नाहीं.

मग हें नांव आणि हा पत्ता नामसेवक नांवाच्या नोंदवहींत चढतो. ही वही स्विचांतच असते. सर्व्हर तिला विचारतो, “मला भेटतां येतील अशीं कोठारें कोणतीं?” उत्तर मिळालें कीं तो त्या कोठाराकडे जाऊन आपली ओळख देतो आणि आपल्या वांट्याच्या खणांची यादी मागतो. खण म्हणजे मोठ्या सांठ्यांतून तोडून दिलेला एक भाग. सर्व्हरला तो स्वतंत्र डिस्क म्हणूनच दिसतो. जाळ्यांत पुढें कांहीं बदललें, तर ज्यांनीं तशी विनंती नोंदविली आहे त्या यंत्रांना स्विच आपण होऊन वर्दी देतो.

येथें कोणी म्हणेल, सर्वांना सर्व कांहीं दिसूं दिलें तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. दोन सर्व्हर परस्परांस न विचारतां एकाच खणांत लिहूं लागले, तर एकाचें लिखाण दुसरा पुसून टाकतो आणि अखेर दोघांचेंहि हिशेब नासतात. म्हणून दोन कुलपें लावतात. पहिलें स्विचमध्यें: कोणत्या नांवानें कोणत्या नांवास भेटावें याचे गट, म्हणजे झोन, पाडलेले असतात. दुसरें कोठारांत: कोणत्या सर्व्हरला कोणता खण दाखवावा याची यादी असते. यावरून एक नेहमींची अडचणहि उलगडते. सर्व्हरमधील जोडणीचें कार्ड बिघडून नवें बसविलें कीं त्याचें नांव निराळें असतें. झोन आणि खणांची यादी जुन्याच नांवावर राहिली, तर केबल ठीक, दिवा हिरवा, आणि तरीहि सर्व्हरला डिस्क दिसत नाहीं. अशा वेळीं कुशल व्यवस्थापक पायरीपायरीनेंच शोध घेतो: दिवा लागला काय, स्विचवर नोंद झाली काय, झोनमध्यें नांव आहे काय, खण दिला आहे काय.

शिवाय प्रत्येक सर्व्हरपासून कोठारापर्यंत निदान दोन वाटा ठेवतात. त्यामुळें एकच खण सर्व्हरला दोनदां दिसतो. खणाची स्वतःची ओळख-संख्या वाचून हे दोन नसून एकच आहेत, हें ताडण्याचें काम एका खास प्रणालीकडे असतें. एक वाट तुटली तर तीच दुसरीवरून काम चालू ठेवते.

हें सारें तंत्रज्ञांपुरतेंच आहे, असें मात्र समजूं नये. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार दुपारीं पावणेबाराच्या सुमारास थांबले. संस्थेनें पुढें दिलेल्या खुलाशानुसार, मुख्य केंद्र आणि जवळचें पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या खंडित झाल्या. या वाहिन्या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या होत्या. त्या तुटल्या तरी मुख्य केंद्राचें सांठवणीचें जाळें चालू राहावयास हवें होतें. पण सर्व्हरांना तें दिसेनासें झालें आणि जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा बंद पडली. जोखीम मोजल्याविना सौदे घेणें सुरक्षित नव्हे, म्हणून बाजार थांबवावा लागला. तो पावणेचारला पुन्हां उघडला व पांचपर्यंत चालला. माल कोठारांत होता. वाट मात्र सांपडत नव्हती.

यांतून घेण्याजोगा बोध साधा आहे. दोन वाटा कागदावर आहेत एवढ्यानें भागत नाहीं. ठरलेल्या वेळीं, सर्वांना पूर्वसूचना देऊन, त्यांतील एक मुद्दाम तोडून पाहिली पाहिजे आणि काम चालू राहतें याची खात्री करून घेतली पाहिजे. प्रत्येक पोर्टचें नांव, त्याचा धनी आणि त्याचा खण यांची वही बदल होईल त्याच दिवशीं दुरुस्त झाली पाहिजे. निरुपयोगी झालेलीं नांवें खोडलीं पाहिजेत. स्विचमधील नोंदवही सध्यां काय जोडलें आहे तें सांगते. काय जोडलेलें असावयास हवें, हें मात्र माणसानें लिहून ठेवलेल्या वहींतच सांपडतें. या दोन वह्या ताडून पाहणें हेंच या जाळ्याच्या देखरेखीचें सार आहे.

उद्यां बँकेच्या खिडकीवर “सिस्टिम बंद आहे” असें उत्तर मिळालें, तर आपली ठेव नाहींशी झाली असें समजून घाबरूं नये. पुष्कळदां ती आपल्या जागीं सुरक्षित असते आणि तिच्याकडे जाणारी वाट कोणी तरी, पायरीपायरीनें, शोधीत असतो.