हिरव्या पेल्याला न्याहारीचे नियम

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या बागांच्या फाटकाशी सकाळी सहाच्या सुमारास स्टीलच्या डब्यांची रांग लागलेली असते. कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर, कोरफड. फिरून आलेली माणसं उभ्या उभ्या रसाचा पेला संपवतात आणि घरी जाऊन पोहे किंवा उपमा खातात. पानांची हिरवी स्मूदी या रसांतलीच एक वाटते, पण तिची जात वेगळी आहे. रस गाळलेला असतो. चोथ्याबरोबर तंतू टाकून दिलेले असतात. स्मूदीत पान आणि फळ वाटून सगळंच पोटात जातं. त्यामुळे ती घोटभर घ्यायचं औषध नाही, न्याहारी आहे. न्याहारीला आपण जे नियम लावतो तेच तिला लावले, की त्यात काय घालायचं, किती घालायचं आणि कोणी जपून प्यायचं, हे आपोआप ठरत जातं.

ही पद्धत अमेरिकेतली. मूळच्या रशियन आणि ऑरेगॉन राज्यात स्थायिक झालेल्या व्हिक्टोरिया बुटेन्को यांनी २००५ साली आलेल्या ‘ग्रीन फॉर लाइफ’ या पुस्तकातून ती घरोघरी पोचवली. तिकडे केल ही कोबीच्या कुळातली पालेभाजी जास्त वापरतात. आपल्याला ती शोधत फिरायची गरज नाही. पालक, चंदनबटवा, शेवग्याचा कोवळा पाला, पुदिना, कोथिंबीर हे सगळं मंडईत रोज मिळतं.

न्याहारीत हिरव्या पानांची गरज मात्र खरी आहे. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी यांत हिरवं म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर, तेवढंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवली आहेत. एवढी भाजी दोन जेवणांत बसवणं अवघड जातं. सकाळीच पन्नासेक ग्रॅम पानं पोटात गेली, तर दिवसाचा हिशेब सोपा होतो.

कृती आणि तिच्यामागची कारणं

दोन पेल्यांसाठी निवडलेला पालक शंभर ग्रॅम, पिकलेला पेरू एक, लहान केळं एक, दही एक वाटी, भाजलेलं जवस दोन चमचे, पुदिन्याची पाच-सहा पानं, आल्याचा छोटा तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर सैंधव घ्या.

पालक आधी देठ मोडून निवडा. देठाच्या बेचक्यात माती बसते, म्हणून पानं भरपूर पाण्यात बुडवून हलवा, वर काढा आणि पाणी बदला. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हे करायचं. मग उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून लगेच थंड पाण्यात काढा. पानं कुठल्या पाण्यावर वाढली हे आपल्याला माहीत नसतं, आणि पावसाळ्यात तर जंतांची आणि जुलाबाची भीती जास्त. कच्च्या पानापेक्षा उकळीतून काढलेलं पान सुरक्षित. या एका मिनिटात पालकातलं, मुतखड्याला हातभार लावणारं काही ऑक्झलेटही पाण्यात उतरतं, म्हणून हे पाणी ओतून द्यायचं. थोडं ‘क’ जीवनसत्त्वही त्यात जातं, पण ते पेरू भरून काढतो. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं. पेरूचा बियांचा गर मात्र चमच्याने काढा, नाहीतर स्मूदी कचकचते.

जवस चटणीच्या भांड्यात कोरडंच बारीक करून घ्या. अख्खा दाणा बहुतेक वेळा न पचताच बाहेर पडतो. पानातलं बीटा कॅरोटीन आणि ‘के’ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते. ती जवसातून मिळते. तीळ, शेंगदाणे किंवा ओलं खोबरंही चालेल. मिक्सरमध्ये आधी पानं, पुदिना आणि आलं अगदी थोड्या पाण्याबरोबर फिरवा. पाणी जास्त झालं तर पानं पात्यांना चुकवत नुसती गरगरतात. पानांचे कण दिसेनासे झाले की फळं, मग जवस, दही आणि मीठ. लिंबू पिळायचं ते अगदी शेवटी. आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि ठेवलेली स्मूदी हळूहळू शेवाळी दिसू लागते. त्याने अपाय होत नाही, पण ताजी प्यायलेली बरी.

एवढ्यावर दुपारपर्यंत भूक भागत नाही, कारण यात प्रथिनं कमीच. जोडीला उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं किंवा वाटीभर मोड आलेली मटकी हवी.

लोह, साखर आणि मुतखडा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणून पालकाच्या लोहाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पन्नास ग्रॅम पालकात लोह दीड मिलिग्रॅमच्या आसपास, आणि प्रौढ स्त्रीसाठी शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅमची. शिवाय वनस्पतींतलं लोह शरीर थोडंच शोषतं. ‘क’ जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं, तर चहा आणि दह्यातलं कॅल्शियम अडथळा आणतात. हिमोग्लोबिन कमी असेल, तर दह्याऐवजी पाणी घाला, पेरू किंवा आवळा ठेवा आणि चहा तासभर पुढे ढकला. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या स्मूदीच्या भरवशावर बंद करू नका.

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांचं गणित उलटं. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून त्यांना दही हवंच. आणि रोजच्या पालकाऐवजी कोथिंबीर-पुदिना बरा. ‘अमेरिकन जर्नल ऑफ किडनी डिसीजेस’मध्ये २०१८ साली ६५ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद छापून आली. शरीरशुद्धीसाठी ती ऑक्झलेटयुक्त पालेभाज्यांच्या स्मूदी पीत होती. आधी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेली, अँटिबायोटिक्सही घेतलेली. तिची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. धडधाकट माणसाने एका पेल्याला घाबरायचं कारण नाही, पण पेल्यांवर दिवस काढायचे नाहीत, हे यातून घ्यावं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारोल चालू असेल, तर पानांचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. ‘के’ जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करतं.

फळं वाटली की त्यांतली साखर मोकळी होते. ब्रिटनची आरोग्यसेवा याच कारणाने रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच घ्यायला सांगते. आपल्या पेल्यात पान आणि दही जास्त, फळ कमी असावं. मध, खजूर, गूळ नकोच. मधुमेहींनी केळं वगळून पेरूवर भागवावं. स्मूदीत काकडी किंवा दुधी घालत असाल, तर चिरताना तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला की सगळाच टाकून द्या. कडवटपणा आणणारी कुकुर्बिटासिन्स विषारी असतात, आणि कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत.

ज्या घरात सकाळी पालकाचं धिरडं किंवा मेथीचं थालीपीठ होतं, त्या घराचं स्मूदीवाचून काही अडत नाही. पण घाईच्या सकाळी पानं निवडून, चिरून, फोडणी घालणं जमत नसेल, तर रात्रीच पालक उकळीतून काढून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी मिक्सर फिरवायला पाच मिनिटं पुरतात. आठवड्यातून तीन-चार दिवस, पानं बदलत, एक-एक पेला घ्या आणि जोडीला चावून खायचं काहीतरी ठेवा.