परतीचे बळ राखून चाला

जळगावात सकाळी फिरावयास जाणाऱ्यांच्या तोंडी दोन नावे हमखास असतात : मेहरूण तलाव आणि लांडोरखोरी वनोद्यान. बोरांसाठी नावाजलेल्या मेहरूणच्या शिवारात वाट पाण्याच्या कडेने जाते. लांडोरखोरीत ती वनविभागाने राखलेल्या झाडीतून जाते. उतारवयात दोन्ही वाटा हितकर आहेत. मात्र किती चालावे, हे परतीचा विचार करून ठरवावे.

तलावाच्या पूर्ण फेरीचा मोह होतो. परंतु निम्म्यावर पाय थकले, तर पुढे जा अथवा मागे फिरा, अंतर सारखेच उरते. म्हणून प्रारंभी घड्याळ पाहून पाच मिनिटे जावे आणि तेथूनच परतावे. आठवडाभर हे सुखाने जमल्यास दोन-दोन मिनिटे वाढवावीत. चालताना बोलता यावे, इतकीच गती असावी. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. तेथवर सावकाश पोहोचले तरी चालते.

झाडीतील वाटेवर खडे, मुळे व सुकी पाने असतात. दृष्टी मंद किंवा गुडघे दुर्बळ असल्यास सपाट वाटच निवडावी. धुळेकरांनी लळिंगच्या कुरणात जाताना हेच ध्यानी ठेवावे. चढावर दम लागतो, उतारावर गुडघ्यांवर भार येतो.

एकदा तोल जाऊन पडल्यावर घरची मंडळी भीतीपोटी फिरणेच बंद करवितात. त्याने पायांतील बळ अधिकच घटते. वैद्यकीय तपासणीनंतर सोबतीने पुन्हा आरंभ करावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सोबत्याने दुर्बळ बाजूस, अर्धे पाऊल मागे राहावे. दंड धरून ओढू नये.

एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत सूर्योदयालाच निघून ऊन तापण्यापूर्वी घरी यावे. लघवी वाढविणारी औषधे चालू असल्यास किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी जवळ साखर बाळगावी व घरी आल्यावर तळपाय न्याहाळावेत. छातीत दडपण, भोवळ किंवा दरदरून घाम आल्यास तेथेच बसावे. सोबत्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

फेरी अपुरी राहिली, तर खंत नसावी. वाट उद्याही तेथेच आहे. तिच्यावर उद्या पुन्हा जाता यावे, इतके बळ आज राखणे महत्त्वाचे.